बंदीचा हिशेब कोण मांडणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या सत्राला विषय दिला आहे, 'साथीच्या काळातली बंधनं आणि बायका'. विषय ऐकून काहीजणींच्या मनात आलं असेल, की आता हे कशाला उकरून काढायचं? कोरोना येऊन गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीरही केलं. आपण सगळ्या आपापल्या कामाला लागलो. मग पुन्हा तोच विषय कशाला?

माझं उत्तर साधं आहे. त्या काळात जी बंधनं आली, त्यांचा जमाखर्च अजून नीट मांडला गेलेला नाही. जमेची बाजू सरकारनं मांडली, डॉक्टरांनी मांडली. खर्च ज्यांनी सोसला त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. हा हिशेब आपण मांडला नाही, तर पुढच्या साथीत तो खर्च पुन्हा आपल्याच नावावर पडणार आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर गेली बारा वर्षं एका तालुक्याच्या गावी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. तेव्हा मी जे बोलणार आहे, ते काही कागदांच्या आधारे आणि काही आमच्या केंद्राच्या ओसरीवर बसून जे पाहिलं त्याच्या आधारे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. सगळी बंधनं म्हणजे सरकारी जुलूम होता, असं मी म्हणणार नाही. आजार खरा होता. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेली. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी राज्यात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. ऑक्सिजनसाठी माणसं रात्रभर वणवण फिरत होती. आमच्या केंद्रात आज ज्या एकल बायका येतात, त्यांच्यापैकी कितीतरी जणींचे नवरे त्या दोन महिन्यांत गेले. कुणी तिशीतली, कुणी पंचविशीतली. सासरच्यांनी जमिनीतला वाटा नाकारलेला, दवाखान्याचं कर्ज डोक्यावर. सरकारनं अशा बायकांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. सुप्रीम कोर्टानं मंजुरी दिल्यावर ५० हजार रुपयांची मदतही मिळू लागली. पण गेलेलं माणूस त्यानं येत नाही. अशा बाईसमोर उभं राहून 'बंधनं नकोच होती' म्हणायची माझी हिंमत नाही.

म्हणून 'लॉकडाऊन बरोबर की चूक' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्यावर टीव्हीवर पुष्कळ भांडून झालं. आपण वेगळे प्रश्न विचारू. बंधन कशासाठी? ते कुणावर जास्त पडतं? किती दिवस? त्याच्या बदल्यात काय देणार? आणि ते ठरवताना विचारलं कुणाला? या पाच प्रश्नांची उत्तरं मागितली, की हिशेब आपोआप उघडा पडतो.

जुना कायदा, जुनी रीत

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं जो कायदा लागू केला, तो साथरोग कायदा १८९७ चा आहे. मुंबई इलाख्यात प्लेग आला तेव्हा इंग्रज सरकारनं तो घाईनं केला. चारच कलमं. सरकारला काय काय करता येईल ते त्यात आहे. लोकांना काय मिळालं पाहिजे याबद्दल त्यात काही नाही. कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण मात्र आहे.

त्या साली पुण्यात काय झालं, हे आपण शाळेत शिकलो. रँडच्या प्लेग समितीनं सोजिरांकरवी घराघरांची झडती घेतली, माणसांना ओढून छावण्यांत नेलं, बायकांची उघड्यावर तपासणी केली. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. पण त्याच साली आणखी दोन बायकांनी या प्रश्नात हात घातला होता.

एक सावित्रीबाई फुले. पुण्याबाहेर हडपसरजवळ त्यांनी आणि डॉक्टर असलेल्या यशवंतनं प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवणं गरजेचं आहे, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर दवाखाना गावाबाहेर होता. पण वेगळं ठेवायचं ते सेवा करण्यासाठी, हेही त्यांना कळत होतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांनी १८९७ मध्येच मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहून विचारलं, की प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या तरुण मुलींच्या सुरक्षिततेची हमी कोण देणार? तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारनं तक्रार मान्य केली नाही.

या दोघींच्या कामात मला एकाच गोष्टीच्या दोन बाजू दिसतात. साथीत माणसांना वेगळं ठेवावं लागतं. आणि वेगळं ठेवलेल्या जागी बाई सुरक्षित असेल, तिची देखभाल होईल, ही जबाबदारी वेगळं ठेवणाऱ्याची असते.

आता सव्वाशे वर्षं पुढं या. जुलै २०२० मध्ये पनवेलच्या एका विलगीकरण केंद्रात बाईवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. रमाबाईंचा प्रश्न तसाच उभा होता. आमच्या तालुक्यात मुंबईहून परतलेल्या लोकांना १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवत होते. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. गावबंदी कुणी ठरवली? पारावर बसलेल्या चार-पाच पुरुषांनी. एका शाळेत सात महिन्यांची गरोदर बाई, तिची लहान मुलगी आणि अकरा पुरुष एका वर्गात. न्हाणीघर नाही, संडासाला कडी नाही. शेवटी बचत गटाच्या बायकांनी जुन्या साड्या बांधून आडोसा केला, कडी बसवून घेतली आणि आळीपाळीनं डबा पोचवला. गावबंदी करणाऱ्यांना बाभळ तोडायला वेळ होता. कडीचा विचार त्यांना सुचला नाही, कारण कडी त्यांना लागत नाही.

'घरी राहा, सुरक्षित राहा'

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सांगितलं, आज मध्यरात्रीपासून २१ दिवस देश बंद. चार तासांची सवड. मग ती मुदत वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. वाटेत अडकलेल्या मजुरांचे हाल आपण पाहिले. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. जालन्याहून चालत भुसावळला निघालेली माणसं ती.

त्या वेळी एक घोषणा सगळीकडं होती. 'घरी राहा, सुरक्षित राहा.' तिच्यात दोन गोष्टी धरून चालल्या होत्या. एक, प्रत्येकाला घर आहे. दुसरी, घर सुरक्षित आहे. दुसऱ्या गोष्टीवर आपली चळवळ गेली चाळीस-पन्नास वर्षं बोलते आहे. त्यावरच तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला.

राष्ट्रीय महिला आयोगाचे आकडे पाहा. २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या २५ दिवसांत आयोगाकडं ५८७ तक्रारी आल्या, त्यातल्या २३९ घरगुती हिंसाचाराच्या. त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांत हा आकडा १२३ होता. पण मला यापेक्षा न आलेल्या तक्रारींची काळजी जास्त वाटते. आयोगानं व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर दिला, चांगलं केलं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडंच होता. उरलेल्या बायकांनी तक्रार कुणाच्या फोनवरून करायची? मारणाऱ्याच्याच?

आमच्या केंद्राचा अनुभव सांगते. एरवी आठवड्याला आठ-दहा नव्या केसेस येत. २०२० च्या एप्रिलमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत एकही आली नाही. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, तालुक्यात रामराज्य आलं. बाई येणार कशी? एस.टी. बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस, आणि घरात चोवीस तास नवरा. मग आम्ही आशाताईंशी बोललो, रेशन दुकानदाराशी बोललो, औषधाच्या दुकानातल्या ताईंशी बोललो. पाण्याला, रेशनला, औषधाला बाई बाहेर पडतेच. तिथं तिनं फक्त 'केंद्राच्या बाईंना सांगा' एवढं म्हणायचं. असे निरोप यायला लागले आणि रामराज्य संपलं.

एका बाईला डोक्याला मार लागला होता. तिला शेजारच्या जिल्ह्यात माहेरी पोचवायचं होतं. जिल्ह्याबाहेर जायला पास लागे. अर्जात वैद्यकीय कारण होतं, मृत्यूचं होतं. 'नवऱ्याच्या मारापासून सुटका' हे कारण त्या यादीत आम्हाला सापडलं नाही. टाके पडले होते म्हणून वैद्यकीय कारणात तिचं नाव बसलं. म्हणजे बाहेर पडण्यासाठी आधी डोकं फुटावं लागलं. हा खर्च कुठल्या वहीत लिहिला गेला?

हे टाळता येण्यासारखं होतं. जम्मू-काश्मीर हायकोर्टानं, तिथं तेव्हा न्या. गीता मित्तल मुख्य न्यायमूर्ती होत्या, एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून हा प्रश्न हाती घेतला. किराणा दुकान, औषधाचं दुकान अशा ठिकाणी बाईला मारणाऱ्याच्या नकळत तक्रार करता यावी, असा उपाय सुचवला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्याच महिन्यात गर्भपाताची सेवा अत्यावश्यक सेवांत धरली. म्हणजे साथ आटोक्यात ठेवूनही वाट काढता येत होती. पण वरचा कागद खाली पोचायला लागणारे महिने पोटातल्या बाळाला थांबवता येत नाहीत.

कोण आत, कोण बाहेर

आता कामाकडं वळू. घरेलू कामगार मैत्रिणींना एका दिवसात सोसायट्यांची फाटकं बंद झाली. काही घरांनी पगार दिला, पुष्कळांनी दिला नाही. मुंबईत लोकल सर्वसामान्यांना बंद. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. पहाटे धुण्याभांड्याला बाहेर पडणाऱ्या बाईला अकराची गाडी काय उपयोगाची? ही वेळ ठरवताना विरार-कल्याणच्या कामवाल्या बायकांपैकी कुणाला विचारलं असतं, तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात एक आकडा आहे. टाळेबंदीत काम गेलं आणि २०२० संपेपर्यंत परत मिळालं नाही, अशा पुरुषांचं प्रमाण ७ टक्के होतं. बायकांचं ४७ टक्के. एकच टाळेबंदी, आणि खर्चाचं माप इतकं वेगळं.

आणि बिनपगारी काम? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकाम करते आणि जो पुरुष घरकाम करतो तो ९७ मिनिटं. हे साथीच्या आधीचं. मग सगळी माणसं घरात, मुलांची शाळा घरात, आजारी माणूस घरात. ती मिनिटं वाढली असणार हे सांगायला पाहणी कशाला हवी!

गंमत अशी, की ज्या बंधनांनी लाखो बायकांना घरात बसवलं, तीच बंधनं चालवण्यासाठी दुसऱ्या हजारो बायकांना घराबाहेर काढलं. आशाताई, अंगणवाडीताई, परिचारिका, सफाई कामगार. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर कोण फिरलं? आशाताई. ताप मोजणं, ऑक्सिजन मोजणं, परत आलेल्यांच्या याद्या, शिक्के, आणि लोकांच्या शिव्या. केंद्राकडून कोरोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला याचा आनंदच आहे. पण गौरव शिजवून खाता येत नाही.

देहविक्रय करणाऱ्या मैत्रिणींची गोष्टही यातच येते. त्यांचं काम पूर्ण थांबलं, आणि कागदपत्र नाही म्हणून रेशन नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना शिधा द्या. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर महिना पाच हजार रुपये, आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार, अशी मदत जाहीर केली. ती ठरायला मार्चपासून आठ महिने गेले. बंदी लागू व्हायला मात्र चार तास पुरले.

आधी काय उघडलं?

बंधनं कुणाच्या सोयीनं उठतात, हे पाहायचं असेल तर उघडण्याचा क्रम पाहावा. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी उघडली १ डिसेंबर २०२१ ला. जवळजवळ वीस महिने लहान मुलं शाळेबाहेर.

दारूच्या दुकानांत सरकारचा महसूल होता. हॉटेलवाल्यांची संघटना होती, ती मंत्र्यांना भेटत होती. चौथीतल्या पोरीची संघटना नव्हती. तिच्या आईला कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, पोरीचं डोकं रिकामं होतंय, घरात भांडी घासतेय, आणि मोठीचं लग्न उरकून टाकायचं चाललंय, पंचवीस माणसांत होतंय, खर्च वाचतोय. आमच्या केंद्रानं त्या दीड-दोन वर्षांत थांबवलेल्या लग्नांमध्ये हे 'खर्च वाचतोय' मी पुन्हा पुन्हा ऐकलं.

शाळा उघडण्यात धोका नव्हता का? होता. घरात आजी-आजोबा होते, शिक्षक होते, लस आलेली नव्हती. मी फक्त एवढंच म्हणते, की बारचा धोका आणि शाळेचा धोका एकाच तराजूत घालायला हवा होता, आणि तराजू धरणाऱ्यांत त्या पोरीच्या आईचाही हात हवा होता.

बाजार बंद ठेवायचा की नाही?

आता एक अवघड गोष्ट सांगते. कारण 'बायका' म्हटलं की सगळ्यांचं हित एकच असतं, असं नसतं.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. तहसीलदारांनी आठवडी बाजार बंद केला. बाजारात भाजी, सुकट, बांगड्या विकणाऱ्या चाळीस-पन्नास बायका आमच्याकडं आल्या. त्यांचं म्हणणं, बाजार चालू करायला निवेदन द्या. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ते लांबणीवर टाकायची मुभा तरी दिली होती, व्याज चालू असलं तरी. या वेळी तशी सरसकट मुभा नव्हती. फायनान्सचा माणूस दर आठवड्याला दारात. त्याच दिवशी दुपारी आशाताई आल्या. त्यांचं म्हणणं, बाजार कडक बंद ठेवा. दोन गावांत मिळून आठवड्यात नऊ मयत झाले होते. त्यातल्या एका आशाताईंची सासू त्यांच्याचकडून लागण होऊन गेली होती.

दोन्ही आपल्याच बायका. दोन्ही खरं बोलत होत्या. संघटनेनं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?

आम्ही दोन्ही बाजूंच्या पाच-पाच जणींना केंद्राच्या अंगणात, लांब लांब बसवलं. पहिला अर्धा तास नुसतं भांडण. एक आशाताई म्हणाल्या, "तुमच्या बाजारातून आजार घरोघर गेला, की दारोदार आम्हीच फिरायचं." भाजीवाली म्हणाली, "ताई, मग माझा हप्ता तुम्ही भरा, मी बसते घरी." ती चिडून बोलली, पण मुद्दा तोच होता. घरी बसण्याची किंमत आहे आणि ती कुणीतरी भरली पाहिजे.

मग हळूहळू वाट दिसली. सरकारी नियमाप्रमाणं भाजीविक्री सकाळी सात ते अकरा चालणारच होती. एका जागी गर्दीचा बाजार नको, हायस्कूलच्या मैदानावर आखून दिलेल्या जागी निम्म्या बायकांनी एक दिवस, निम्म्यांनी दुसऱ्या दिवशी बसायचं. ज्या वस्तीत रुग्ण जास्त तिथली बाई आठ-दहा दिवस येणार नाही, आणि तिला बचत गटांच्या वर्गणीतून शिधा व शंभर रुपये रोज. कुठल्या वस्तीत रुग्ण आहेत हे आशाताई सांगणार, माणसाचं नाव न घेता. नगरपंचायतीनं हे मान्य केलं. फायनान्सवाल्यांना मात्र तीन वेळा गराडा घालून विचारावं लागलं.

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. भाजीवाल्यांची कमाई निम्म्यावर आली. बांगड्यावाल्या तर बसूच शकल्या नाहीत, कारण बांगड्या 'अत्यावश्यक' नव्हत्या. आशाताईंना बाजार पूर्ण बंदच हवा होता. पण कुणी काय सोसलं, हे दोघींनाही माहीत होतं, आणि दोघींनाही मान्य होतं. माझ्या मते तोलून पाहणं म्हणतात ते हेच. जिच्यावर भार पडणार ती समोर बसलेली हवी, आणि भाराच्या बदल्यात काय मिळणार हे त्याच बैठकीत ठरायला हवं.

मोठ्या पातळीवरही हे जमू शकतं. धारावी आठवा. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांना सार्वजनिक संडास. तिथं 'अंतर ठेवा' म्हणून काय होणार? तिथं घरोघर तपासणी, तापाचे कॅम्प, शाळा-सभागृहांत विलगीकरण आणि जेवण अशी कामं करावी लागली, तेव्हा साथ आटोक्यात आली. नुसत्या बंदीनं ती आली नसती. आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बंधनांसोबतच मदत जाहीर केली होती. शिवभोजन थाळी मोफत, रेशनवर मोफत धान्य, नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये. रक्कम तुटपुंजी होती आणि 'नोंदणी असलेल्या' या शब्दांनी लाखो बायका बाहेर राहिल्या. तरीही बंदी आणि भरपाई एका श्वासात सांगता येते, हे त्यातून सिद्ध झालं.

तयारी आजच

विधी आयोगानं २०२४ मध्ये म्हटलं आहे, की १८९७ चा साथरोग कायदा अपुरा आहे. म्हणजे कायद्यात बदलाची चर्चा पुढंमागं होणार. ती डॉक्टर, पोलीस आणि सचिव यांच्यापुरती राहू नये. आपण काय मागायचं?

पहिलं, बंदीच्या प्रत्येक हुकमातच तिची मुदत आणि भरपाई लिहिलेली असावी. मुदत संपली की हुकूम आपोआप संपावा, वाढवायचा तर नव्यानं कारण द्यावं.

दुसरं, संरक्षण अधिकारी, सल्ला केंद्रं, निवारागृहं, बाळंतपण आणि गर्भपाताच्या सेवा पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक असाव्यात. प्रवासाच्या पासात 'घरातील हिंसा' हे कारण छापलेलं असावं.

तिसरं, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनात आणि गावाच्या समितीत आशा, अंगणवाडीताई, घरेलू कामगार आणि बचत गटाच्या बायका असाव्यात. शोभेला एक नको, निम्म्या हव्यात.

चौथं, साथीचं काम करणाऱ्या बाईला मानधनाचा तुकडा नको, वेतन आणि विमा हवा.

पाचवं काम आपलं स्वतःचं आहे. घरेलू कामगार मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण नोंदणी नसेल तर मदतीच्या दिवशी यादीत नाव नसतं. साथ आल्यावर नोंदणी होत नाही. ती आज करायची असते.

आणि शेवटी एक विनंती. इथून परत गेल्यावर आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या दहा बायकांकडं बसा. त्या दोन वर्षांत काय बंद झालं, त्यानं काय वाचलं, काय गेलं, आणि कुणी भरून दिलं का, एवढंच विचारा. उत्तर जसं सांगतील तसं लिहून घ्या. त्यातली एखादी म्हणेल, बंदी होती म्हणून माझी सासू वाचली. तेही लिहा. आपला हिशेब दोन्ही बाजूंचा हवा, नाहीतर तो कुणी ऐकणार नाही. त्या वह्या पुढच्या शिबिराला घेऊन या. एकत्र वाचू, आणि मग मुंबईला जाऊन मागण्या मांडू.